शंभर गुणांची वाटणी : वर्षाचे गाजलेले अल्बम ऐकावेत कसे, तोलावेत कसे आणि त्यांवरून भांडावं कसं

आमच्या सात जणांच्या कंपूत एक जुना नियम आहे. ज्या अल्बमला तुम्ही गुण देताय, त्याचं सातवं गाणं कुठलं, हे न बघता सांगता आलं पाहिजे.

हा नियम माझ्या कृपेने आला. २०१५ च्या डिसेंबरात अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारच्या 'टू पिंप अ बटरफ्लाय'ला पहिला नंबर देऊन मी मोकळा झालो होतो. ज्याच्या त्याच्या यादीत तोच वर होता, समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर शंभरपैकी ९६ झळकत होते, आणि मी त्यातली चार-पाच गाणी बसमध्ये ऐकली होती. डोंबिवलीकर मित्राने चहाचा घोट घेत विचारलं, "बरं, सातवं गाणं कुठलं रे?" मी गप्प. सातवं गाणं 'ऑलराइट'. त्या वर्षी अमेरिकेत रस्त्यावर उतरलेले निदर्शक जे गाणं एका सुरात म्हणत होते, ते अल्बममध्ये कुठे येतं याचा मला पत्ता नव्हता.

घरी जाऊन अल्बम पहिल्यापासून लावला, तेव्हा कळलं की सहावं ऐकल्याशिवाय सातवं अर्धंच कळतं. सहाव्यात, म्हणजे 'यू'मध्ये, हॉटेलच्या खोलीत एकटा पडलेला माणूस स्वतःलाच शिव्या घालतोय. उत्तरार्धात आवाज दारूने जड झालेला, रडवेला; मागे बाटलीची किणकिण. आणि त्याच्या पाठीला पाठ लावून 'ऑलराइट'. सुटं ऐकलं तर ते नुसतं उमेदीचं गाणं वाटतं. 'यू'नंतर ऐकलं की बुडणाऱ्याने हात वर केल्यासारखं वाटतं. अल्बमभर एक कविता तुकड्यातुकड्याने वाढत जाते आणि अखेरच्या गाण्यात केंड्रिक ती दिवंगत रॅपर तुपाक शकूरला वाचून दाखवतो, जुन्या मुलाखतीतल्या आवाजाशी गप्पा मारत. बसमधल्या चार-पाच गाण्यांत हे कुठून सापडायचं?

तर हा लेख माझ्यासारख्या उतावळ्या नवख्यांसाठी. डिसेंबर आला की जगभर वर्षाच्या उत्तम अल्बमांच्या याद्या निघतात, मित्रांत वाद झडतात, आणि आपल्यालाही त्यात उडी घ्यावीशी वाटते. घ्या. उदाहरणादाखल मी २०२४ हे वर्ष घेतोय. ते आता जरा निवलंय, आणि होऊ शकतात ते बहुतेक सगळे वाद त्या एका वर्षात होऊन गेले.

आधी वर्ष ठरवा

१ जानेवारी ते ३१ डिसेंबर, यात ठरवायचं काय, असं वाटेल. पण ग्रॅमीचं वर्ष असं चालत नाही. फेब्रुवारी २०२५ च्या सोहळ्यासाठी १६ सप्टेंबर २०२३ ते ३० ऑगस्ट २०२४ या काळातले अल्बम धरले होते. त्यात बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर'ला वर्षाच्या अल्बमचा मान मिळाला. द क्युअर या ब्रिटिश रॉक बँडचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' आला १ नोव्हेंबरला, आणि केंड्रिकचा 'जीएनएक्स' २२ नोव्हेंबरला, कसलीही वर्दी न देता. दोघेही त्या शर्यतीत नव्हतेच. 'ग्रॅमीने क्युअरला डावललं' असं कुणी तावातावाने म्हणालं, की त्याच्यासमोर आधी कॅलेंडर ठेवा.

मासिकांची गत वेगळी. त्यांच्या याद्या नोव्हेंबर संपता संपता यायला लागतात. अमेरिकन गायक डिअँजेलोचा 'ब्लॅक मसाया' १५ डिसेंबर २०१४ ला आला तेव्हा बहुतेक याद्या छापून झाल्या होत्या. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकाचा समीक्षकांचा कौल मात्र उशिरा लागायचा. त्या कौलात तोच पहिला आला. म्हणून आमचं मतदान जानेवारीच्या पहिल्या रविवारी असतं. तोवर सवाईची धावपळही संपलेली असते. डिसेंबरात पुणेकराला दोन्हीकडे कान देणं जमत नाही.

मग प्रश्न आवृत्त्यांचा. ब्रिटिश पॉप गायिका चार्ली एक्ससीएक्सचा 'ब्रॅट' ७ जून २०२४ ला आला, तीन दिवसांत तीन गाणी जोडलेली आवृत्ती आली, आणि ऑक्टोबरात सगळी गाणी दुसऱ्या कलाकारांबरोबर नव्याने घडवलेला वेगळाच संच. टेलर स्विफ्टने १९ एप्रिलला 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' १६ गाण्यांचा काढला आणि दोन तासांत त्याचा ३१ गाण्यांचा विस्तार केला. आता गुण कशाला द्यायचे? आमचा निवाडा असा : पहिल्यांदा बाहेर पडली ती आवृत्ती खरी, रीमिक्सचा संच वेगळी नोंद. हा निवाडा तुम्हाला पटलाच पाहिजे असं नाही. फक्त कुठलातरी एक ऐकायच्या आधी करा. नंतर केलात तर जो तो आपल्या लाडक्याच्या सोयीने करतो.

बाराची यादी

पन्नास अल्बमांची यादी समोर घेऊन बसू नका. बारा पुरे. २०२४ ची आमची यादी सांगतो : 'ब्रॅट', 'काउबॉय कार्टर', बिली आयलिशचा 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट', क्युअर, 'जीएनएक्स', मॅग्डलेना बेचा 'इमॅजिनल डिस्क', वॉक्साहॅचीचा 'टायगर्स ब्लड', एमजे लेंडरमनचा 'मॅनिंग फायरवर्क्स', सिंडी लीचा 'डायमंड ज्युबिली', ब्रिटनचं मर्क्युरी पारितोषिक मिळवणारा इंग्लिश टीचर या लीड्सच्या बँडचा 'धिस कुड बी टेक्सस', आणि आरूज आफ्ताबचा 'नाइट रेन'. हे झाले अकरा. बारावी जागा प्रत्येकाच्या स्वतःच्या, कुठल्याही यादीत नसलेल्या आवडीची. ही जागा सोडू नका. ती नसेल तर आपण नुसते दुसऱ्यांच्या याद्यांची गोळाबेरीज करणारे कारकून.

अकरा निवडताना तीन-चार मोठ्या याद्या शेजारी शेजारी ठेवायच्या. सगळ्यांत आलेलं नाव बिनविरोध घ्यायचं. मग एका यादीत खूप वर आणि बाकीच्यांत गायब असलेली एक-दोन नावं मुद्दाम घ्यायची, कारण खरा वाद तिथेच होतो. 'डायमंड ज्युबिली' हा तसला मासला. ३२ गाणी, दोन तासांहून जास्त, आणि सुरुवातीला कुठल्याही स्ट्रीमिंग सेवेवर नाही. एक भलामोठा यूट्यूब व्हिडिओ आणि जुनाट दिसणाऱ्या साइटवरून उतरवून घ्यायची फाइल, बस. मुंबईतलं काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ मध्ये बंद झाल्यापासून अल्बम 'मिळवायला' लागतो ही भावनाच मी विसरलो होतो. ती या अल्बमने परत दिली, आणि मी त्याला त्यासाठी अर्धा गुण जास्त दिला असणार. कबूल.

एक नाव असं घ्या जे एरवी तुम्ही ऐकलं नसतं. आमच्यातल्या रॉकवेड्यांसाठी ते 'नाइट रेन' होतं. जाझच्या अंगाने जाणारं संथ संगीत, आणि त्यात काही उर्दू शब्द माह लका बाई चंदाचे. ही अठराव्या शतकातली कवयित्री गाजली हैदराबादच्या दरबारात, पण जन्मली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. ब्रुकलिनमध्ये राहणारी पाकिस्तानी गायिका आपल्या मराठवाड्यात जन्मलेल्या बाईचे शब्द गातेय आणि आम्ही तो अल्बम 'अनोळखी' खान्यात टाकला होता!

ऐकणं

सगळ्यात जास्त वेळ याला लागतो, आणि सगळ्यात जास्त चालूपणाही इथेच होतो. हिशेब करा. 'ब्रॅट' ४१ मिनिटांचा, 'काउबॉय कार्टर' ७८, 'डायमंड ज्युबिली' १२२. बारा अल्बमांची एक फेरी साधारण अकरा तासांची होते. तीन फेऱ्या म्हटल्या तर तेहतीस तास. रोज अर्धा तास दिला तर दोन महिने जातात. म्हणून जे आधीच येऊन गेलेत त्यांना गणपती उठले की हात घालायचा.

लावण्याआधी फोनमध्ये दोन गोष्टी बघा. एक, शफल बंद. २०२१ मध्ये अडेलचा '३०' आला तेव्हा तिच्या म्हणण्यावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं मुख्य बटण शफलऐवजी सरळ क्रमाचं केलं. गाण्यांचा क्रम विचार करून लावलेला असतो, हे तिचं म्हणणं. दोन, आवाजाची पातळी समान ठेवण्याची सोय चालू ठेवा. दोन अल्बमांपैकी जो किंचित मोठ्या आवाजात वाजतो तो कानाला 'भारी' वाटतो. ही कानाची जुनी खोड आहे, तिला गुण देऊन बसू नका.

पहिली फेरी कशीही चालते. भाजी निवडताना, पर्वती चढताना, लोकलमध्ये. या फेरीत काहीही लिहायचं नाही. दुसरी फेरी बसून, हातात काही न घेता. तिसरी किमान आठवड्याच्या अंतराने. या तिसऱ्या फेरीत अल्बम उघडे पडतात. पहिल्या ऐकण्यात डोक्यात घुसलेलं ध्रुवपद तिसऱ्या वेळी चिकट वाटू शकतं, आणि पहिल्यांदा कंटाळा आणणारं गाणं अचानक उलगडतं.

क्युअरचंच घ्या. आठ गाणी. पहिलं 'अलोन' सुरू होऊन तीन मिनिटं उलटतात तरी गायक रॉबर्ट स्मिथ तोंड उघडत नाही. नुसतं जडशीळ वाद्यवादन, ढोलाचा संथ ठोका. अखेरचं 'एंडसाँग' दहा मिनिटांच्या वर, आणि त्यातही निम्म्याहून जास्त वेळ गाणारा गप्प. आमच्यातल्या तरुण मंडळींनी पहिल्या फेरीत 'अरे, सुरू कधी होणार?' म्हणून सोडून दिलं. माझ्याबरोबर सवाईला येणारी नाशिकची मैत्रीण मात्र हसली. विलंबित ख्यालात सम यायला वेळ लागतो म्हणून कुणी उठून जातं का, म्हणाली. तिने डोळे मिटून ते तीन मिनिटं ऐकलं आणि आवाज आला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. सोळा वर्षांनी नवा अल्बम काढणारा बँड तीन मिनिटं थांबवून ठेवतो, त्याला काहीतरी अर्थ असणार.

उलटंही होतं. जो प्रकार कानाला नवा, त्यात आपण चुकीच्या जागी मान डोलावतो. ऑगस्ट १९७१ मध्ये न्यूयॉर्कला बांगलादेशसाठी झालेल्या मैफलीत पंडित रविशंकर आणि साथीदारांनी वाद्यं जुळवली आणि श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पंडितजींनी मिश्कीलपणे म्हटलं की वाद्यं जुळवणं इतकं आवडलं तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. हा प्रसंग त्या मैफलीच्या अल्बममध्ये मुद्रित झालाय, आणि त्याच अल्बमला १९७३ चं वर्षाच्या अल्बमचं ग्रॅमी मिळालं. रॅपचा किंवा मेटलचा पहिला अल्बम ऐकताना आपणही वाद्यं जुळवण्यालाच टाळ्या देत असू. म्हणून अनोळखी प्रकाराचा एक जुना, मान्यता पावलेला अल्बम आधी ऐकावा. एकच. पीएचडी करायची नाहीये.

दुसऱ्या फेरीपासून वही. साधी, रेघी, शंभर पानी. माझ्या वहीतलं 'ब्रॅट'चं पान जसंच्या तसं देतो (यातली सोफी म्हणजे चार्लीची दिवंगत संगीतकार मैत्रीण) :

'१४ जून, रात्र, हेडफोन. पहिली तीन गाणी म्हणजे माजोरी नाच. चौथ्यापासून माज उतरायला लागतो, ही मजा. "सो आय" : सोफी गेल्याचं दुःख, जवळ असताना दूर राहिल्याचा पश्चात्ताप. ताल जवळजवळ नाही. शेवटाकडे मूल हवं की नको यावर विचार करणारं गाणं, अगदी डायरी वाचल्यासारखं. मग परत पार्टी. हे मुद्दाम? (हो, मुद्दाम.) मधली दोन गाणी आठवत नाहीत. हिरवं कव्हर कुरूप, पण विसरता येत नाही.'

यात एकही 'अप्रतिम' नाही, हे पाहा. वहीत विशेषणं लिहायची नाहीत; काय ऐकू आलं आणि कुठे, तेवढंच लिहायचं. जमलं तर मिनिट-सेकंदासकट. वादात विशेषण कुणालाच हरवत नाही, '३ मिनिटं २० सेकंदांना काय होतं ते ऐक' हे हरवतं.

आकडा, पण आपला

तिसरी फेरी संपली की लगेच गुण लिहायचे. जगाने किती दिले हे बघायच्या आधी. नव्वद पाहून आलेला माणूस पाच देऊ शकत नाही. फार तर धीर करून साडेसात देतो. मी स्वतः अनेकदा केलंय.

गुण किती पैकी, हा आपल्या लोकांचा खास घोटाळा. आपण ३५ ला पास, ६० ला फर्स्ट क्लास आणि ७५ ला डिस्टिंक्शन अशा जगात वाढलो. 'पिचफर्क' हे अमेरिकन संगीतसमीक्षेचं संकेतस्थळ ०.० ते १०.० या मापाने गुण देतं. तिथे ७ म्हणजे 'बरा आहे, हरकत नाही', आणि कौतुकाची खास मोहोर उमटते ती साधारण आठच्या पुढे. पुरे दहा तर वर्षानुवर्षं निघत नाहीत. २०१० मध्ये कान्ये वेस्टच्या अल्बमला मिळाले, त्यानंतर नव्या अल्बमला मिळाले ते एकदम एप्रिल २०२० मध्ये, फियोना अॅपलच्या 'फेच द बोल्ट कटर्स'ला. तेव्हा 'अरे, ७.२ म्हणजे डिस्टिंक्शन हुकली फक्त!' असं वाचू नका.

आमच्या कंपूची मोजपट्टी अशी. पाच : ऐकला, झालं. सहा : दोन गाणी ठेवली, बाकी सोडली. सात : कुणी लावला तर बंद करा म्हणणार नाही. आठ : आपणहून पुन्हा लावला. नऊ : रात्री अकरा वाजता कुणालातरी फोन करून 'हे ऐक' म्हटलं. दहा त्याच वर्षी द्यायचे नाहीत, वर्षभर थांबायचं. अर्ध्या गुणापलीकडे दशांश नाही. ८.३ आणि ८.४ मधला फरक मला कुणी समजावून सांगितला तर मी त्याला मिसळ खाऊ घालीन.

मग जगाचा आकडा

तुमचा आकडा वहीत बसला की आता बघा. मेटाक्रिटिक निरनिराळ्या समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढतं, पण साधी नाही : काही प्रकाशनांना जास्त वजन, काहींना कमी, आणि कुणाला किती ते सांगत नाहीत. किमान चार परीक्षणं असल्याशिवाय आकडा देत नाहीत. पाचपैकी तीन तारे म्हणजे तिथे ६०. आता तीन तारे देणाऱ्याने कदाचित 'चांगला अल्बम, जरूर ऐका' असं लिहिलेलं असेल, पण हिशेबात तो ६० होऊन बसतो.

सरासरीत आणखी एक गोष्ट लपते. चौघांनी ७, ७, ७, ७ दिले तर सरासरी सात. चौघांनी ९, ९, ८, २ दिले तरी सरासरी सातच. पहिला अल्बम कुणाच्या जिवाला लागलेला नाही, दुसऱ्यावरून घरात ताटं आपटतील. आपल्याला दुसरा हवा. म्हणून आकडा बघून थांबू नका. सर्वांत जास्त गुण देणारं एक परीक्षण आणि सर्वांत कमी देणारं एक, दोन्ही पूर्ण वाचा. मधली सोडलीत तरी चालेल.

शंभर गुणांची वाटणी

दहापैकी गुण एकट्यासाठी ठीक. सात जणांचा मिळून कौल काढायचा तर माझ्या मते 'व्हिलेज व्हॉइस'ची पद्धत सर्वांत खुमासदार. रॉबर्ट क्रिस्टगाऊ या समीक्षकाने ती चालवली. १९७१ मध्ये पहिल्यांदा, आणि १९७४ पासून दरवर्षी. प्रत्येक समीक्षकाने दहा अल्बम निवडायचे आणि त्यांत मिळून १०० गुण वाटायचे. एका अल्बमला कमीत कमी ५, जास्तीत जास्त ३०. बस, इतकंच. साप्ताहिक २०१८ मध्ये काही वर्षांसाठी बंद पडलं, पण पद्धत कुणीही उचलावी अशी आहे.

हिची गंमत अशी की प्रेमाला किंमत मोजावी लागते. तुम्ही क्युअरला ३० दिलेत तर उरलेल्या नऊ जणांना मिळून ७० च राहतात. कुणाच्या तरी ताटातलं काढावं लागतं. आमच्या जानेवारी २०२५ च्या मोजणीत 'ब्रॅट' सहा मतपत्रिकांवर होता : १०, १०, १५, १०, ५ आणि १२, एकूण ६२. क्युअर तीनच मतपत्रिकांवर : ३०, ३० आणि ८, एकूण ६८. सहा जणांना आवडलेला अल्बम तीन जणांच्या वेडापुढे हरला. माझ्या न्यू जर्सीच्या भाचीने व्हिडिओ कॉलवर थयथयाट केला. "मामा, हे चीटिंग आहे! तुम्ही दोघांनी ठरवून तीस-तीस दिलेत." ठरवून नव्हते दिले. पण शंका रास्त होती, म्हणून तेव्हापासून मतपत्रिका एकाच माणसाकडे, ठरलेल्या वेळेआधी जातात आणि त्याने सगळ्या आल्याशिवाय उघडायच्या नाहीत. समान गुण झाले तर जास्त मतपत्रिकांवर असलेला पुढे.

सगळ्या दहांना दहा-दहा देणारा एक सद्गृहस्थ प्रत्येक कंपूत असतो. त्याला लग्नाच्या बुफेतला पाहुणा म्हणतात आमच्यात. त्याचं मत बाद करू नका, पण पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी बसून त्याला एकाला तरी अकरा द्यायला लावा.

भांडणाची रीत

निकाल वाचून झाला की खरा कार्यक्रम. आमच्याकडे 'ओव्हररेटेड' या शब्दावर दंड आहे, त्या दिवसाचा चहा. तो शब्द संगीताबद्दल काही सांगत नाही, दुसऱ्यांच्या मताबद्दल सांगतो. त्याऐवजी कुठे खटकलं ते सांगा : 'काउबॉय कार्टर' २७ तुकड्यांचा आहे, मधल्या निवेदनाच्या तुकड्यांनी मला तोडलं, शेवटची वीस मिनिटं मी ओढत नेली. यावर समोरच्याला उत्तर देता येतं. तो म्हणेल की ते तुकडे रेडिओच्या कार्यक्रमासारखे मुद्दाम रचलेत, तसं ऐकून बघ. झालं, वाद रंगला.

दुसरं, एका वेळी एकच अल्बम. 'तुझा हा वाईट' याला 'मग तुझा तो काय मोठा' हे उत्तर म्हणजे नळावरचं भांडण.

तिसरं, गाणाऱ्याचं वागणं आणि गाणं यांची चर्चा वेगवेगळ्या वेळी करा. दोन्ही करा, हवं तर. मिसळलीत की दोन्ही फुकट जातात.

आणि चाहत्यांशी जपून. टेलर स्विफ्टच्या २०२४ च्या अल्बमवर 'पेस्ट' मासिकाने कडक परीक्षण छापलं आणि लेखकाचं नाव दिलं नाही. कारण त्यांनीच सांगितलं : २०१९ मध्ये तिच्याच 'लव्हर' या अल्बमवर लिहिणाऱ्याला मारहाणीच्या धमक्या आल्या होत्या. एका अल्बमच्या गुणांवरून! आमच्या भाचीचं मी काही बिघडवलेलं नाही, पण स्विफ्टबाईंना साडेसहा दिल्यावर महिनाभर ती मला 'मामा' न म्हणता 'अहो काका' म्हणत होती. तेवढी शिक्षा पुरे असते.

मत बदललं तर तिथल्या तिथे बोलून दाखवा. 'पटलं, मी पुन्हा ऐकतो' हे वाक्य पहिल्यांदा घशातून निघत नाही. दोन-तीन वर्षांत सवय होते.

जुन्या मतपत्रिका

त्या फाडू नका. 'पिचफर्क'ने २०२१ मध्ये आपलेच जुने १९ आकडे बदलले. डाफ्ट पंकच्या 'डिस्कव्हरी'ला २००१ मध्ये ६.४ दिले होते, त्याचे १० केले. लिझ फेअरच्या २००३ च्या अल्बमला चक्क ०.० दिले होते, त्याचे ६ केले. वीझर या रॉक बँडच्या 'पिंकर्टन'ला १९९६ मध्ये 'रोलिंग स्टोन'च्या वाचकांनी वर्षातल्या वाईट अल्बमांत बसवलं होतं. २००४ मध्ये त्याच मासिकाने त्याला पाच तारे दिले. तेव्हा दर जानेवारीत नवा कौल लावण्याआधी आम्ही मागच्या वर्षीचे पहिले तीन अल्बम पुन्हा लावतो आणि जुन्या आकड्याशेजारी वेगळ्या शाईने नवा लिहितो. माझ्या वहीत 'इमॅजिनल डिस्क' सातवरून साडेआठला गेला. क्युअर नऊवरच आहे. दहाचं काय ते पुढच्या वर्षी बघू.

वही मात्र ऑक्टोबरात घेऊ नका, जानेवारीतच घ्या. डेव्हिड बोवीचा 'ब्लॅकस्टार' ८ जानेवारी २०१६ ला आला, दोन दिवसांनी बोवी गेला. तो अल्बम वर्षअखेरपर्यंत कुणी विसरलं नाही, त्या वर्षीच्या 'व्हिलेज व्हॉइस'च्या कौलात तोच पहिला होता. पण जानेवारीतले बाकीचे सगळे अल्बम डिसेंबरपर्यंत आपल्या डोक्यातून धुऊन जातात. पहिल्या पानावर तारीख टाका, दोन ओळी लिहा, आणि सातव्या गाण्याचं नाव.